शोकातून श्लोकाकडे

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आदिकाव्याची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. तमसेच्या तीरावर क्रौंच पक्ष्यांचे जोडपे विहरत होते. निषादाच्या बाणाने नर पडला, मादीने आक्रोश केला आणि तो ऐकून वाल्मीकींच्या मुखातून जे शब्द उमटले ते छंदोबद्ध होते. शोकाचा श्लोक झाला. शालेय वयापासून ऐकल्यामुळे ही कथा आता सुभाषितासारखी गुळगुळीत झाली आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तो शोक जोडीदार गेल्याचा होता. राज्य गमावल्याचा, पुत्र गमावल्याचा किंवा देशत्यागाचा शोक आदिकवीला पुढे वर्णायचा होताच. परंतु काव्याचा पहिला उद्गार निघाला तो एका पक्षिणीच्या वैधव्यातून.

रामायण पुढे वाचत गेले की हा धागा वारंवार हाती येतो. दशरथाच्या पार्थिवाजवळची कौसल्या, वालीच्या मृत्यूनंतरची तारा, रणांगणावर आलेली मंदोदरी, आणि पंचवटीत झाडांना व वेलींना सीतेविषयी विचारत फिरणारे प्रभू रामचंद्र. वाल्मीकींनी शत्रूच्या पत्नीचा विलापही आखडता घेतलेला नाही. महाभारतात तर युद्ध संपल्यावर विजयोत्सवाच्या जागी स्त्रीपर्व येते. ज्या समाजाच्या दोन्ही महाकाव्यांनी वियोगाला एवढी जागा दिली, त्या समाजाला शोकाची लाज वाटत नव्हती, हे उघड आहे. शोक लवकर आवरता घ्यावा, लोकांत दिसू देऊ नये, चार दिवसांत 'नॉर्मल' व्हावे, ही घाई अलीकडची.

कालिदासाने रघुवंशाच्या आठव्या सर्गात राजा अजाची कथा सांगितली आहे. नारदांच्या वीणेवरची पुष्पमाला वाऱ्याने खाली आली, इंदुमतीच्या अंगावर पडली आणि ती गतप्राण झाली. अजाने केलेला विलाप संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. कुलगुरू वसिष्ठ यज्ञदीक्षेत असल्यामुळे त्यांनी शिष्याकरवी उपदेश पाठविला. उपदेशात काही उणे नव्हते. मृत्यू हीच देहधाऱ्याची प्रकृती आहे, हे त्यात सांगितले होते. अजाने तो आदराने ऐकून घेतला. पण शोकाने भरलेल्या त्या हृदयात उपदेशाला जागा मिळाली नाही आणि तो आल्या पावली गुरूकडे परतला, असे कालिदास नोंदवितो. पुत्र दशरथ लहान होता म्हणून अजाने आणखी आठ वर्षे काढली. प्रियेची प्रतिकृती पाहत आणि स्वप्नातील तिच्या क्षणिक भेटीवर. इतका प्रामाणिक कवी विरळा. तत्त्वज्ञान खरे असते, परंतु ते वेळेआधी पोहोचले तर परत जाते. दुःखी घरात जाऊन पहिल्याच दिवशी आत्म्याच्या अमरत्वावर बोलणाऱ्यांनी हा सर्ग एकदा अवश्य वाचावा.

भवभूती तर आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी पंचवटीत आलेला राम आवर न राहून रडतो, तेव्हा नदीरूप तमसा म्हणते ते असे की तलाव तुडुंब भरला की बांध फोडून पाणी वाहू देणे हाच उपाय. शोकाने क्षोभलेले हृदयही विलापानेच तगते. वाल्मीकींच्या स्नानाचीच ही तमसा. भवभूतीने तिलाच हे बोलायला लावले, यात काही योजना असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ही झाली ग्रंथांतील गोष्ट. घरांतील परंपरा काय होती? मृत्यूनंतरच्या दिवसांत घरी गरुडपुराण लावण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. त्यातील यमलोकाची व यातनांची वर्णने नुकतेच माणूस गमावलेल्या घराला धीर देण्याऐवजी भिवविणारीच अधिक, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अनेक कुटुंबांनी त्याऐवजी गीतेचा अध्याय, ज्ञानेश्वरी किंवा हरिपाठ ठेवण्यास प्रारंभ केला आहे, तो योग्यच आहे. परंतु प्रथेचा गाभा पाहिला तर तो असा : ठरलेल्या वेळी दिवा लागतो, कोणीतरी वाचतो, घरचे व शेजारचे सोबत बसून ऐकतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्या घरात दुसऱ्याचा आवाज घुमतो. दुःखी माणसाला वाचता येत नसते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नेमकी ठाऊक होती. पहिल्या दिवसांत डोळे ओळींवरून फिरतात आणि पानाच्या तळाशी पोहोचल्यावर वर काय होते ते आठवत नाही. म्हणून प्रथम श्रवण, वाचन नंतर.

अडचण तेराव्यानंतर सुरू होते. सुतक फिटते, पाहुणे पांगतात, मुले आपापल्या नोकरीच्या गावी जातात. सकाळी चहाचे आधण ठेवताना हात सवयीने दोन कपांचे पाणी मोजतो. वर्तमानपत्राची आतली पुरवणी आधी कोणी घ्यायची, यावरून चाळीस वर्षे चाललेला लटका वाद संपलेला असतो आणि सगळी पाने एकाच्याच वाट्याला येतात. या काळासाठी आपल्याकडे विधी नाही. पोथी मात्र आहे. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. रोज एक समास म्हटला तरी दोनशे दिवस, म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. पोथीत पुढे काय होणार याची उत्सुकता नसते, शेवट माहीत असतो, ओवी तोंडाने म्हणायची असल्याने श्वासाला लय लागते आणि आजचा भाग संपला की उद्याचे पान खूण घालून तयार असते. उद्या करण्यासारखे काहीतरी असणे हे त्या दिवसांत फार मोठे असते. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय व पांडवप्रताप चातुर्मासात गावोगावच्या देवळांतून तीनशे वर्षे वाचले गेले. त्या श्रोत्यांमध्ये पुढच्या रांगेत विधवा स्त्रिया मोठ्या संख्येने असत. मंगलकार्यात ज्यांना मागे सारले जाई, त्यांना पोथीपुढे बसण्यास कोणी हरकत घेत नसे. हा त्या काळाचा दोष आणि त्याच काळाने ठेवलेली पळवाट, दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

आणि ऐकण्याची मुभा असली तरी वाचण्याची नव्हती. मुलगी अक्षर शिकली तर तिला वैधव्य येते, हा समज एकोणिसाव्या शतकात घरोघर होता. धर्मशास्त्रात त्याला आधार नाही; वेदकाळातील ब्रह्मवादिनींची नावे घेणाऱ्या समाजात तो कसा रुजला, हा चिंतनाचा विषय आहे. ज्या अक्षरांनी वैधव्याचा भार थोडा तरी हलका झाला असता, तीच अक्षरे वैधव्याचे कारण ठरविली गेली. याहून क्रूर विपर्यास कोणता?

त्या समजाशी ज्यांच्या घरात रोजचा संघर्ष झाला, त्या रमाबाई रानडे. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या विवाह होऊन न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती स्वतः नुकतेच विधुर झालेले, वयाने तिशी ओलांडलेले. विधवेशी विवाह करावा असे त्यांचे मत होते. वडिलांच्या आग्रहापुढे ते चालले नाही आणि त्याबद्दल सुधारकांची टीका त्यांना जन्मभर सोसावी लागली. त्यांनी या बालिकेला पाटीवर मुळाक्षरे गिरवायला लावली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी तिला टोमणे मारले, अबोला धरला. ती शिकत राहिली. प्रथम मराठी, मग इंग्रजी. रानडे यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे वर्तमानपत्रे, पत्रे, ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविणे हे रमाबाईंचे नित्यकर्म झाले. पहाटे न्यायमूर्ती तुकोबांचे व नामदेवांचे अभंग म्हणत. म्हणता म्हणता एका अभंगाचे चरण दुसऱ्यात मिसळत आणि डोळे भरून येत, हे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतल्या. पुढचे सुमारे वर्षभर त्या सार्वजनिक जीवनापासून पूर्णतः दूर राहिल्या. येथे थोडे थांबून विचार करावा असे आहे. ज्या स्त्रीचे वाचन हे सत्तावीस वर्षे दुसऱ्यासाठी होते, जिने स्वतःचे डोळे दुसऱ्याला दिले होते, तिने आता कोणासाठी वाचायचे? वर्तमानपत्र तसेच दारात पडते, ऐकणारा नाही. अनेक जोडप्यांत ही अवस्था येते. वाचनाची आवड एकाची असते, सवय दोघांची. आवड असलेला आधी गेला तर मागे राहिलेल्याला कपाटाकडे पाहवत नाही.

रमाबाईंनी त्या कपाटाकडे पाठ फिरविली नाही. पतीची पत्रे, भाषणे, टिपणे त्यांच्या हाताखालून गेली. १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्याला प्रस्तावना नामदार गोखल्यांची. १९१५ साली न्यायमूर्तींचे इंग्रजी स्फुट लेखन त्यांनी स्वतः प्रकाशित केले. अकराव्या वर्षापर्यंत 'श्री' काढता न येणाऱ्या मुलीच्या नावाने अर्थशास्त्र व समाजसुधारणेवरील लेखांचा इंग्रजी ग्रंथ निघावा, यापुढे अक्षर-वैधव्याच्या समजाचे काय राहिले? 'आठवणी' वाचताना जाणवते ते असे की पुस्तक पतीच्या निधनाशीच संपते. नंतरच्या तेवीस वर्षांविषयी, सेवासदनाविषयी, येरवड्याच्या कारागृहातील स्त्री कैद्यांना त्या भेटत असत त्याविषयी, त्यात काही नाही. त्यांच्या दृष्टीने 'आमचे' आयुष्य तेथे संपले होते. उरले ते काम. आणि ते काम कोणत्या स्त्रियांसाठी होते? पुण्याच्या सेवासदनात शिकून शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडलेल्यांत विधवा पुष्कळ होत्या.

रानडे आणि टिळक हे सार्वजनिक जीवनात एकमेकांसमोर उभे राहिलेले पुरुष. वियोगाने मात्र दोन्ही घरे सारखीच गाठली. लोकमान्य मंडालेच्या कारागृहात होते तेव्हा, ७ जून १९१२ रोजी, पुण्यात सत्यभामाबाईंचे निधन झाले. तारेने ती वार्ता ब्रह्मदेशात पोहोचली. गीतारहस्याचे लेखन १९११च्या मार्चअखेरीस संपले होते. म्हणजे कर्मयोगाचे एवढे विवेचन शिसपेन्सिलीने वह्यांत लिहून पूर्ण करणाऱ्या माणसाच्या हाती सव्वा वर्षाने ती तार पडली. अखेरच्या समयी जवळ असता आले नाही, ही खंत त्यांनी पत्रातून व्यक्त केली. त्यानंतर सुटकेपर्यंतची दोन वर्षे त्यांनी काढली ती ग्रंथांच्या संगतीत. स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी, एवढीच माणसाची सोबत. पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास, वेदकालनिर्णयावरील टिपणे, मागविलेल्या ग्रंथांचे वाचन. स्वतः लिहिलेल्या तत्त्वज्ञानाने त्यांचे दुःख हलके झाले किंवा नाही, हे बाहेरच्याने सांगू नये. दिवसाचा क्रम त्यांनी मोडला नाही, इतके मात्र निश्चित.

टिळकांचा 'केसरी' ज्या घरात स्त्रीच्या तोंडून वाचला जाई, अशा नागपूरच्या दाते यांच्या घरी ६ जुलै १९०५ रोजी कमल नावाची मुलगी जन्मली. वडील भास्करराव सरकारी नोकरीत. आई यशोदाबाई आसपासच्या स्त्रियांना जमवून 'केसरी' वाचून दाखवीत. ही कमल पुढे वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांची पत्नी लक्ष्मीबाई झाली. १९३२ साली पुरुषोत्तमराव गेले. लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरी मुलाबाळांचा मोठा संसार. ज्यांना आपण वंदनीय मावशी म्हणून ओळखतो, त्यांच्या चरित्रात या काळाविषयी तुलनेने थोडे लिहिले जाते. कार्याचा विस्तार सांगण्याच्या ओघात ते स्वाभाविक आहे. पण नुकसान आपलेच होते.

त्या काळी वर्ध्यात गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थनेला गावातील स्त्रिया जात. तेथे सीतेच्या जीवनातूनच राम घडतो, अशा आशयाचे गांधीजींचे विवेचन मावशींनी ऐकले आणि सीता समजून घेण्यासाठी त्यांनी रामायणाचे अध्ययन आरंभिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. संघटनेचे मार्ग पुढे वेगळे झाले, तरी हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तरुण विधवा रामायण उघडते तेव्हा तिला काय भेटते? एकाकी सीता भेटते. अशोकवनात, शत्रूच्या राज्यात, आणि पुढे वाल्मीकींच्या आश्रमात दोन मुलांना वाढविणारी. ती रडते, पण ठाम राहते. पारायणाची पोथी म्हणून रामायण वाचणे आणि आपल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी वाचणे, यांत अंतर आहे. मावशींचे वाचन दुसऱ्या प्रकारचे होते. म्हणूनच ते पुढे त्यांच्या प्रवचनांतून गावोगावच्या स्त्रियांपर्यंत पोहोचू शकले. ती प्रवचने 'पथदर्शिनी श्रीरामकथा' या नावाने ग्रंथरूपात उपलब्ध आहेत.

२५ ऑक्टोबर १९३६, विजयादशमी, वर्धा. राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली. वैधव्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. समितीने सेविकांपुढे तीन आदर्श ठेवले : मातृत्वाचा जिजाबाई, कर्तृत्वाचा अहल्याबाई, नेतृत्वाचा राणी लक्ष्मीबाई. या तिघींमध्ये एक समानता आहे, तिच्याकडे लक्ष जावे. शहाजीराजे १६६४ साली गेले, खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात, गंगाधरराव १८५३ साली. तिघीही पतीच्या पश्चात उभ्या राहिलेल्या. त्यांपैकी अहल्याबाईंचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील लोकांकडून चौकशी करून १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, त्यानंतर ठरावीक वेळ धर्मग्रंथांचे श्रवण, दानधर्म, भोजन. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा उपासना आणि रात्री पुन्हा राज्यकारभार. पती, सासरे, पुत्र असे एकामागून एक गमावलेल्या स्त्रीच्या दिवसात ग्रंथश्रवण हे दरबाराच्या आधी येते. ते सोडून ती दरबारात गेली नाही आणि ते धरून दरबारातून उठून गेली नाही.

मावशींचेही तसेच. रामायण हाती धरून त्या देवघरात बसून राहिल्या नाहीत. ऑगस्ट १९४७मध्ये फाळणीच्या तोंडावर कराचीला सेविकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक आक्षेप येईल. ही सारी मोठी माणसे. सामान्य घरातील बाईने वा गृहस्थाने काय करावे? प्रत्येकाने संस्था काढावी, अशी कोणाची अपेक्षा नाही. ज्याला कादंबरी वाचून रात्र काढता येते त्याने ती वाचावी, रहस्यकथाही चालेल. दुःखी माणसाच्या हातातील पुस्तक पुरेसे गंभीर आहे की नाही हे तपासणारे नातेवाईक असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. २०११च्या जनगणनेनुसार देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुरांची संख्या त्यापेक्षा कितीतरी कमी. आयुर्मर्यादा वाढली, मुले पुण्या-मुंबईहून पुढे बंगळूरू आणि अमेरिकेला गेली, तसा एकटेपणाचा काळ वीस-पंचवीस वर्षांचा झाला. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. काय करू नये हे त्यामुळे निश्चित झाले. त्या दिवसांत काय करावे, हे ठरवायचे राहिले आहे, आणि तेथे वाचनालयांचा संबंध येतो.

आपल्या राज्याला सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे. या परंपरेतील कोणत्याही वाचनालयात एक प्रसंग नेहमी घडतो. पती सभासद असतो, तो जातो. महिना-दोन महिन्यांनी पत्नी पिशवीतून त्याचे शेवटचे पुस्तक परत करण्यास येते. लिपिक नियमाप्रमाणे खाते बंद करतो, अनामत रक्कम मोजून देतो, पावतीवर सही घेतो. बाई जिना उतरून जाते. कित्येकदा त्या पुस्तकात अर्ध्यावर घातलेली खूण तशीच असते. नियम बदलायला कार्यकारिणीच्या एका बैठकीपलीकडे काही लागणार नाही : अनामत परत करण्यापूर्वी सभासदत्व तिच्या नावावर करण्याविषयी विचारावे, ते पुस्तक तिला हवे असल्यास आणखी महिनाभर ठेवू द्यावे, विलंबशुल्क आकारू नये. जिना चढणे जमत नसेल तर घरपोच पुस्तके नेणारे स्वयंसेवक आज अनेक गावांत मिळू शकतात. अक्षरओळख नसलेल्या किंवा दृष्टी गेलेल्या वृद्धेकडे आठवड्यातून एक दुपार जाऊन तासभर वाचून दाखविणारी महाविद्यालयीन मुलगीही मिळते. यशोदाबाई दाते यांनी 'केसरी' वाचण्यासाठी कोणाची परवानगी मागितली नव्हती. वेळ दुपारी तीन ते चार ठेवावी. सकाळ कामात जाते, संध्याकाळी दिवेलागणीला फोन येतात. ती दुपारच सर्वांत लांब असते.